एक चिमूट राहिली

काल संध्याकाळीच आणले होते, चार पौंड विंग्ज.
खाटकानं विचारलं, सांधे तोडून देऊ?
नको म्हटलं. तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे.

सुरी सांध्यावर ठेवायची, हाडावर नाही.
बोटानं चाचपलं की एक मऊ फट लागते,
तिथं दाबलं की कट्, मोकळं.
हाडावर जोर काढणाऱ्याचा नुसता हात दुखतो, आई म्हणायची.
कोंबडीबद्दलच म्हणायची,
पण ओडेलच्या वकिलालाही तिनं एकदा हेच ऐकवलं होतं.

टोकं बाजूला काढली, सूपाला.
बाकीचे तुकडे फडक्यानं टिपले, न्हाऊ घातलेल्या बाळासारखे,
प्रत्येक घडीत बोट घालून.
मीठ, चमचाभर बेकिंग पावडर,
आणि रात्रभर फ्रिजमध्ये जाळीवर, उघडेच.
ओली कातडी कुरकुरीत होत नाही,
कितीही विस्तव दाखवा.

आज शाळेची बस डेपोत लावून,
बफेलोचा सगळा बर्फ बुटांवर घेऊन घरी आले
तर ओडेल स्वयंपाकघरात उभा.
खुर्च्या चार. चारही रिकाम्या.
"बस ना," म्हटलं, तेव्हा बसला.

पॅप्रिका, लसणाची पूड, कांद्याची पूड,
मिरी, लाल तिखट, किंचित ब्राउन शुगर.
वाडग्यात कालवत होते, तो हुंगत होता.
"एक चिमूट राहिली," म्हणाला.
"सेलरीच्या बिया.
मिठाबरोबर कुटायची ती. कॉफीच्या मगाच्या बुडानं."

मग मी विसरले होते.
आई गेली त्याला सहा वर्षं झाली,
मी इथंच होते, तिच्या शेजारी, याच ओट्याशी,
आणि मग मी विसरले होते.

"दिवे गेले की रोज करायचो," तो म्हणाला.
"पहिल्यापासून. सांध्यांपासून.
मध्ये चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.
दोन वर्षं आठवेना, लोणी आधी की सॉस आधी."
"पत्रात विचारायचंस."
"पत्रं आधी ते वाचायचे, व्हर्लीन.
हे आईचं होतं."

कपाटात मागे सापडली बाटली, तळाशी दोन बोटं बिया,
तारीख केव्हाच उलटून गेलेली.
मी मग दिला. तो कुटू लागला,
हलके, मनगटातून, हुबेहूब तिच्यासारखा.

भट्टीत पाऊण तास, अर्ध्यात उलटायचे.
चरबी ट्रेवर ठिबकली, धूर झाला,
छतावरचा अलार्म किंचाळला,
आणि ओडेल उठून भिंतीशी जाऊन उभा राहिला,
पाठ ताठ, तळवे मांड्यांना चिकटलेले.
मी फडकं घेऊन धूर हाकलत राहिले,
गरजेपेक्षा बराच वेळ,
तो परत खुर्चीत बसेपर्यंत.

लोणी आधी. मग सॉस.
वाडगं त्यानंच झेललं, तुकडे उडाले आणि परत त्यातच पडले,
एकही खाली नाही.

जेवताना डावा हात ताटाभोवती,
जसा कोंबडी पिलांवर पंख धरते.
कोण हिसकावणार होतं? मी?
बोलले नाही. माझ्या ताटातले दोन उचलून
त्या कुंपणाआड टाकले.
त्यानं वर पाहिलं. बियांची चव जुनी लागत होती, गवतासारखी,
आम्ही दोघांनीही ते सांगितलं नाही.
हाडं मात्र अशी स्वच्छ, की धुवायची गरज नाही.

सहा उरले. फॉइल लावून ठेवून दिले.

रात्री दोनला जाग आली.
जिन्यावर पाऊल, मग शांतता, मोठी,
मग फ्रिजच्या दाराचा तो चिकट आवाज,
आणि माझ्या दाराखालून उजेडाची एक बारीक रेघ.

सकाळपासून पाच वेळा विचारलं होतं त्यानं,
उघडू का.

मी श्वास धरून पडून राहिले.
फॉइल वाजली.